मसाई हार करायचाय? आधी पोळपाट काढा

माझं काम गाठवण्याचं. मंगळसूत्र, तन्मणी, ठुशीच्या मागचा गोंडा, बाळाच्या मनगट्या. पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळच्या एका पेढीच्या ओट्यावर आधी वडील बसायचे, आता मी बसते. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवायचा, मेण फिरवायचं आणि ओवत राहायचं. ३१ वर्षं झाली. त्यामुळे मणी ओवण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवेल, अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एक केनियाची मुलगी, तिथल्या गुरं राखणाऱ्या मसाई जमातीतली, स्टीलचा डबा घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. इथे शिकायला आलेली, हिंदी मोडकं पण धीट. डब्यात सुटे मणी, तारेचे तुकडे आणि अर्धवट उसवलेली एक मोठी रंगीत चकती. गळ्यात घालायची. कार्यक्रमाच्या गडबडीत खुर्चीवर काढून ठेवली होती, त्यावर कुणीतरी बसलं. "आंटी, होईल का?" मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी ये." मणी दिसले की माझा हात विचार करत नाही, तिथेच घोळ झाला.

तुटकी तार फेकून दिली, चांगला नायलॉनचा दोरा घेतला, फेऱ्या ओवल्या आणि चिंचपेटीसारख्या एकमेकींना बांधून टाकल्या. गाठी अशा की दृष्ट लागावी. दुसऱ्या दिवशी ती आली, हार फळीवर ठेवला आणि हसत सुटली. चकती कुठली, तो द्रोण झाला होता. त्यात आमटी वाढता आली असती.

मग तिने तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी काजियाडोकडची, नैरोबीच्या दक्षिणेला हा मसाईंचा मुलूख. ती आजीला 'कोको' म्हणते, त्यांच्या मा भाषेतला शब्द. कोकोने द्रोण बघितला, काहीतरी बोलली, नातीने भाषांतर केलं: दोरा काढ, तार घाल, आणि पट्ट्या कुठे गेल्या ते विचार. पट्ट्या? त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चिंध्या मी कचरा म्हणून टाकल्या होत्या. डबा उपडा करून त्या शोधल्या, आणि त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. पुढे लिहिते आहे ते त्याच शिक्षणातलं. कोकोच्या त्या हाराची दुरुस्ती आठ वेळा उसवून नवव्यांदा जमली, आणि त्यानंतर मी पुण्यातल्याच सामानातून तीन हार स्वतः केले.

काय करतोय ते आधी समजून घ्या

आपला हार दोऱ्यावर लोंबतो. मण्यांचं वजन त्याला खाली ओढतं आणि आकार देतं. मसाई चकती लोंबत नाही, ती खांद्यांवर ताटलीसारखी आडवी बसते. म्हणून तिला दोरा चालत नाही, तार लागते, आणि त्या तारांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या लागतात. आधी हे काम गाईच्या कातड्याच्या पट्ट्या करायच्या, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे डबे कापून करतात. मण्यांपेक्षा या पट्ट्यांना जास्त मान द्या. मी दिला नाही, म्हणून द्रोण झाला.

तारेची गंमत अशी, की काचेच्या मण्यांची रेलचेल होण्याआधीही मसाई बायकांच्या अंगावर तार होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या फोटोंत त्यांच्या हातापायांवर आणि गळ्याभोवती लोखंडी तारेची वेटोळीच्या वेटोळी दिसतात. किनाऱ्यावरून आत जाणारे काफिले वाटेतल्या लोकांना द्यायला मणी, तार आणि कापड घेऊन निघत. १८८३ साली जोसेफ थॉमसन हा स्कॉटिश शोधप्रवासी मसाई मुलखातून गेला तो हाच माल लादून. काचेचे बारीक मणी युरोपातून यायचे, व्हेनिसचे आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातले. त्याआधी हाड, हस्तिदंत, शिंपले, बिया, माती, लाकूड, पितळ, तांबं. चामड्याच्या पट्ट्यांवर कवड्याही शिवलेल्या असतात. कवड्यांची माळ आपल्याकडे भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात, तिकडे मसाई बायकांच्या अंगावर. समुद्र तोच, हिंदी महासागर. खंबातचे अकीक मणीही शतकानुशतकं आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर जात होते, आणि तिथल्या इंग्रजी अमलात १९२० पर्यंत चलन म्हणून आपला रुपया चालायचा. पोरगी दुकानाला 'डुका' म्हणते. मण्यांना स्वाहिलीत 'शांगा'. पहिल्यांदा तिने "डुका में शांगा मिलेगा?" असं विचारलं तेव्हा मला अर्धं वाक्य कळलं होतं.

सामान

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा. तुळशीबागेत तयार माल छान मिळतो, पण सुटे मणी वजनावर हवेत तर रविवार पेठच.

मणी: दुकानदार याला 'शुगर बीड' म्हणतो. काचेचे मागा, प्लास्टिकचे नकोत, वजनावरूनच कळतं. मसाई कामात बहुतेक दहा-अकरा नंबरचे बारीक मणी असतात, दोन मिलिमीटरच्या आसपासचे. पहिल्या हाराला ते घेऊ नका, डोळे जातील. आठ नंबरचे घ्या, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे. रंग गच्च हवा, आरपार दिसणारा नको. दुकानदार तुमच्यापुढे आतून चांदी भरलेले, इंद्रधनुषी, मेंदीच्या कार्यक्रमाला शोभणारे मणी ओततील. "साधे, बिनचमकीचे" असं तीनदा म्हणावं लागतं. मसाई हाराची सगळी मजा सपाट रंगावर आहे. लांबून ओळखू यायला हवा तो.

घेण्याआधी पाच-सहा मणी कापसात धरा आणि नेलपॉलिश काढायच्या पाण्याने चोळा. कापूस गुलाबी झाला तर त्या लाल मण्याला वरून रंग दिलाय. उन्हाळ्यात घामाने तो तुमच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरेल. माझा एक गेलाय.

एका हाराला साधारण २३५० मणी लागतात. एका ग्रॅममध्ये आठ नंबरचे ३५ ते ४० बसतात, म्हणजे ६०-६५ ग्रॅम. सगळे रंग मिळून १०० ग्रॅम घ्या, कारण त्यातले बरेच वाकडे निघतात.

तार: पितळी, ०.४ मिलिमीटर, ७ मीटर. लोखंडी स्वस्त पडते आणि कोकोच्या हारात तीच होती, पण काजियाडोची हवा कोरडी. पुण्याच्या जुलैमध्ये लोखंड पंधरा दिवसांत गंजतं आणि पांढऱ्या मण्यांतून तपकिरी दिसू लागतं.

पट्ट्यांसाठी खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा पांढरा कॅन. शाम्पूची बाटली मऊ पडते, आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण तडकतं. दोन्ही करून बघितलंय.

याशिवाय गोल तोंडाची छोटी पक्कड, तार कापायची कटर, आलेखाचा कागद, जाड सुई, मेणबत्ती, मोजपट्टी. आणि पोळपाट. लाकडी, सपाट, मधे खोलगट झालेला नको. त्याची गरज कळेलच.

पट्ट्या

कॅनच्या सपाट बाजूतून ९ पट्ट्या कापा. लांबी ३६ मिलिमीटर, रुंदी ५ मिलिमीटर. आलेखाच्या कागदावर एका रेषेत १० ठिपके द्या, दोन ठिपक्यांत ३.२ मिलिमीटर अंतर, दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन मिलिमीटर मोकळे. कागद पट्टीवर चिकटवा, सुई मेणबत्तीवर तापवा आणि ठिपक्यावर टेकवा. दाबू नका, सुई आपोआप आत जाते. खिडकी उघडी ठेवा, वास येतो.

एक पट्टी नीट झाली की तीच साचा म्हणून बाकीच्या आठांवर ठेवून खुणा करा. प्रत्येक पट्टी वेगळी मोजलीत तर दहावी फेरी कुठेतरी तिरकी जाणारच.

३.२ का? कारण मणी ३ मिलिमीटरचा आहे. भोकं मण्याच्या जाडीपेक्षा जवळ पडली तर शेजारच्या फेऱ्या एकमेकींना ढकलतात आणि हार फुगतो. जास्त लांब पडली तर मधून अंगावरचा कपडा दिसतो. तुमचे मणी वेगळ्या मापाचे असतील तर दहा मणी उभे एकमेकांना टेकवून मोजा, दहाने भागा आणि त्यात चिमूटभर मिळवा.

हिशोब, न घाबरता

मी शाळेत गणितात नापास झालेली आहे, हे आधी सांगते, म्हणजे धीर येईल.

चकती सपाट राहायची असेल तर बाहेरची प्रत्येक फेरी आतल्या फेरीपेक्षा ठरावीकच मोठी हवी. किती? दोन फेऱ्यांमधल्या अंतराच्या सव्वासहा पट. ३.२ गुणिले सव्वासहा म्हणजे २० मिलिमीटर. बस, सगळं गणित एवढंच. मी द्रोण केला तेव्हा हेच चुकलं होतं: बाहेरच्या फेऱ्या दोऱ्याने आवळून बांधल्या, त्या तोकड्या पडल्या आणि आतली बाजू खाली दबली.

नऊ पट्ट्या म्हणजे मधे आठ खण. मागे बांधायला थोडी फट राहते, ती धरून प्रत्येक फेरीत प्रत्येक खणाला सुमारे २.४ मिलिमीटर वाढ मिळाली पाहिजे. आठ नंबरचा मणी तारेवर अदमासे २ मिलिमीटर जागा घेतो. म्हणजे दर फेरीला खणात एक मणी वाढवायचा, आणि मधूनच एखाद्या फेरीला दोन. आतून बाहेर प्रत्येक खणातले मणी असे:

२४, २५, २६, २७, २९, ३०, ३१, ३२, ३४, ३५.

हा आकडा कागदावर लिहून समोर भिंतीला चिकटवा. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २५ मणी सुईवर ओवा आणि मोजा. ५ सेंटिमीटरच्या आसपास भरले तर माझे आकडे चालतील. साडेचारच भरले तर तुमचे मणी चपटे आहेत, आतल्या सात फेऱ्यांना तीन-तीन आणि बाहेरच्या तीन फेऱ्यांना चार-चार मणी जास्त धरा. तरीही दुसऱ्या खणाला पोळपाट खरं काय ते सांगेलच.

ओवायला बसा

आधी मणी निवडा, तांदूळ निवडतो तसे. ताटात पसरा. फुटके, भोक बुजलेले बाजूला. उरलेल्यांत काही बारीक असतील, काही जाड. बारीक आतल्या फेऱ्यांना, जाड बाहेरच्यांना. ही युक्ती कोकोची. कॅमेऱ्यासमोर तिने मूठभर मणी तळहातावर घेतले, नुसते हलवले आणि बोटाने दोन ढीग केले. बघितलंसुद्धा नाही. मी ओट्यावर एवढी वर्षं बसून मंगळसूत्राचे मणी डोळ्यांनी निवडते, आणि ती बाई नातीशी गप्पा मारत बोटांनी निवडत होती.

तारेचे दहा तुकडे कापा. सगळ्यात आतला ४८ सेंटिमीटर, पुढचा प्रत्येक दोन सेंटिमीटरने मोठा. प्रत्येकाच्या एका टोकाला पकडीने छोटं वेटोळं करा, पट्टीच्या भोकातून निसटणार नाही एवढं. पहिल्या पट्टीतून दहाही तारा ओवा. वेटोळी एका बाजूला, मोकळ्या तारा दुसऱ्या बाजूला. आता हे झाडूसारखं दिसतं. ठीक आहे.

पहिला खण: आतल्या तारेवर २४ मणी, पुढच्यावर २५, असं करत बाहेरच्यावर ३५. मग दुसरी पट्टी घ्या आणि दहा तारा दहा भोकांतून एकेक करून काढा, आतल्या बाजूने सुरुवात करून. पहिल्यांदा इथे शिव्या तोंडात येतात. तीन तारा आत गेल्या की पहिली बाहेर येते. टोकं तिरकी कापून घेतली आणि पट्टी चिकटपट्टीने फळीवर उभी धरली तर सोपं जातं. दुसरी पट्टी मण्यांपर्यंत सरकवा, पण आवळू नका. अर्ध्या मण्याएवढी सूट ठेवा. तारेला वळायला जागा लागते. मी गाठवणारी, माझा हात कायम ओढायला जातो, आणि पोरीचं एकच वाक्य: "पोले पोले." हळूहळू, सावकाश.

पहिला खण झाला की तो पाचरीसारखा दिसला पाहिजे, आत अरुंद, बाहेर रुंद. हार गोल होतो तो या पाचरींमुळे, तुम्ही वाकवल्यामुळे नाही. आठ पाचरी शेजारी बसल्या की गोल आपोआप येतं.

दुसरा खण झाला की लगेच पोळपाटावर ठेवा आणि डोळा पोळपाटाच्या पातळीवर आणून बघा.

आतली कड टेकली आणि बाहेरची वर उचलली गेली, तर द्रोण होतोय: बाहेरच्या फेऱ्यांत मणी कमी पडलेत. सहाव्या फेरीपासून पुढे प्रत्येकी एक वाढवा.

बाहेरची कड लाटेसारखी वरखाली झाली, कुरडईसारखी, तर मणी जास्त झालेत. एकेक काढा.

इथे आळस करून "पुढे दाबून सपाट करू" असं म्हणू नका. दोन खणांचं उसवणं वीस मिनिटांचं काम आहे, आठ खणांचं उसवणं एका रविवारचं. आठ वेळा केलंय म्हणून सांगते.

शेवटची, नववी पट्टी आली की तारा एक सेंटिमीटर ठेवून कापा, पकडीने वेटोळी करा आणि पट्टीला चिकटवून दाबा. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर पातळ कातड्याची किंवा जाड सुती कापडाची गवसणी शिवा, नाहीतर वेटोळी मानेला टोचतात आणि केस ओढतात. आतल्या दोन-तीन वेटोळ्यांतून नाडी घाला. मी तिथे माझ्या पद्धतीने रेशमाचा गोंडा लावते. मसाई पद्धतीत तो नाही, पण माझा हात आहे, काहीतरी ओळख राहू दे. पोरीने पहिल्यांदा तो बघून भुवया वर केल्या, मग म्हणाली की असू दे, मागे आहे, दिसत नाही.

तयार हार साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा होतो. पोळपाटावर पुरतो.

रंग

लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे आकाश आणि पाणी, हिरवा म्हणजे कुरण, पांढरा म्हणजे दूध, नारिंगी आणि पिवळा म्हणजे पाहुणचार, काळा म्हणजे माणसं आणि त्यांचे कष्ट. ही यादी सगळीकडे मिळते आणि ती खोटी नाही. गुरं हेच ज्यांचं धन, त्यांना पांढऱ्यात दूध आणि हिरव्यात गवत दिसणारच. देवालाही रंग आहेत: एन्काई नारोक म्हणजे काळा देव, पाऊस देणारा, दयाळू, एन्काई नान्योक्ये म्हणजे लाल देव, कोपणारा. काळा देव चांगला, हे मला फार आवडलं. आपल्या मंगळसूत्रात काळेच मणी, विठोबाही काळा.

पण ती यादी घेऊन हार 'वाचायला' जाऊ नका. मी पोरीला विचारलं की या हाराचा अर्थ काय, तर ती माझ्याकडे बघत राहिली. मग मलाच कुणी विचारलं असतं की तुमच्या पैठणीच्या काठाचा अर्थ काय, तर? मसाईंच्या वेगवेगळ्या शाखांची रंगांची मांडणी वेगळी असते, आणि बघणाऱ्याला त्यावरून ही कुठली ते कळतं. तुमच्या-माझ्यासाठी उपयोगाचं आहे ते एवढंच: रंग कसे शेजारी बसवायचे.

कोकोच्या हारात मोठा लाल पट्टा होता, पण तो कुठेही सलग पळत नव्हता. प्रत्येक खणात त्याला मधेच निळ्याने छेद दिलेला, आणि निळ्या-लालच्या सीमेवर एकेक पांढरा मणी. तो एक मणी काढून बघा. मी काढून बघितला. लाल आणि निळा लांबून एकमेकांत मिसळतात, सगळं जांभळट दिसतं. पांढरा घातला की दोन्ही उठतात. गडदाशेजारी फिकट, हा त्यातला कानमंत्र.

पहिल्या हाराला ही मांडणी करा: आतल्या दोन फेऱ्या पांढऱ्या. तिसरी ते सहावी लाल, प्रत्येक खणाच्या बरोबर मधे सहा निळे मणी, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा. सातवी हिरवी. आठवी पांढरी. नववी नारिंगी. दहावी गडद निळी. लाल आणि नारिंगी शेजारी आणू नका, आपल्या उन्हात दोन्ही एकच दिसतात.

बाहेरच्या कडेला मसाई बायका धातूचे छोटे चकचकीत तुकडे लोंबवतात, चालताना आणि नाचताना ते हलतात. आपल्याकडे पत्र्याच्या टिकल्या मिळतात, त्या चालतील. घुंगरू लावू नका. मी लावले होते. पोरगी म्हणाली, "बैल?" विषय संपला.

बांगडी, कान आणि इतर

चकती झेपत नसेल तर मनगटपट्टी करा. कातड्याच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्टीवर मण्यांच्या ओळी शिवायच्या, पाच-पाच मणी सुईवर घेऊन, प्रत्येक ओळीनंतर पक्का टाका. एका दुपारचं काम. असे पट्टे पुरुषही घालतात, आणि मसाईंमध्ये करणाऱ्या सगळ्या बायका असल्या तरी मिरवणाऱ्यांत तरुण मोरान, म्हणजे त्यांचे योद्धे, मुळीच मागे नाहीत.

कानांच्या बाबतीत नुसतं बघा. मसाई कानाची पाळी टोचून वर्षानुवर्षं हळूहळू मोठी करतात आणि तिच्यात मण्यांचे, पितळेचे, तांब्याचे दागिने अडकवतात. वरच्या कडेलाही वेगळं भोक असतं. वरच्या कानातल्या दागिन्याचं पुण्याला नवल नको, बुगडी आणि भिकबाळी दोन्ही आपलीच. पण पाळी वाढवणं घरच्या घरी करायचं काम नाही. मण्यांचा लोंबता तुकडा नेहमीच्या हुकाला लावा.

एक हार मात्र करू नका. लग्नात मसाई नवरी मोठी चकती घालते, तिला खाली लांब लोंबणाऱ्या माळा असतात. त्याची नक्कल कुर्तीवर घालायला करू नये, असं माझं मत. माझ्याकडे कुणी मंगळसूत्र गाठवून पायात पैंजण म्हणून द्या म्हणालं तर मी त्याला ओट्यावरून उठवते. विकायला केलात तर 'अस्सल मसाई' अशी चिठ्ठीही लावू नका. त्यांचं नाव आणि नक्षी वापरून बाहेरचे लोक पैसे कमावतात, त्याबद्दल परवाना आणि मोबदला मागायला मसाई आता उभे राहिले आहेत, आणि बरोबर करतात. अस्सल हवा असेल तर नैरोबीला कुणी जात असेल त्याला सांगा. तिथला मसाई बाजार एका जागी बसत नाही, वार बदलला की जागा बदलते, आपल्या आठवडी बाजारासारखा.

सांभाळायचा कसा

दुमडायचा नाही, टांगायचा नाही. दोन पुठ्ठ्यांमधे आडवा. आधी गळ्यात घालायचा आणि मग अत्तर मारायचं, असं नाही. अत्तर आधी, वाळू दे, मग हार. घातल्यावर कोरड्या मऊ फडक्याने मागची बाजू पुसा, घाम पट्ट्यांच्या भोकांत बसतो. पावसाळ्यात डब्यात खडू ठेवा. खण वाकला तर हाताने दाबू नका, पोळपाटावर ठेवून वर दुसरं पोळपाट आणि त्यावर वरवंटा, रात्रभर.

कोकोचा हार नवव्यांदा जमला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, पेढीचं शटर अर्धं खाली आलं होतं. पोरीने तो तिथेच गळ्यात घातला आणि दोनदा उडी मारली. चकती वर उडाली आणि खांद्यांवर आडवीच्या आडवी परत बसली. मग कॉल लावला. कोको बराच वेळ काही बोलली नाही, मोबाइल जवळ आण म्हणाली. तिने तिसऱ्या खणावर बोट ठेवलं. तिथे तिचे लाल मणी कमी पडले होते, म्हणून मी बोहरी आळीतले सतरा घातले होते. माझ्या डोळ्यांना रंग एकच. पोरीलाही फरक दिसला नव्हता.

"हा लाल तुमचा," कोको म्हणाली. मी म्हटलं, "उसवून देते, तुमच्याकडचे मणी पाठवा." पोरीने भाषांतर केलं, पलीकडून हसू आलं आणि "आशे ओलेंग". म्हणजे खूप आभार. मणी पाठवणार की नाही ते काही बोलली नाही. सतरा जागा राखून ठेवल्या आहेत, अजून आलेले नाहीत.